बहुतेक मॅडमचा बाण

आमच्या मॅडमना तुम्ही विचारलं असतं, "मॅडम, तुमचं नाव काय?" तर त्यांनी आधी चष्मा कपाळावर ढकलला असता, छताकडे बघितलं असतं, मग नाव सांगितलं असतं आणि शेवटी "बहुतेक" लावलं असतं.

मी हे विनोद म्हणून सांगत नाहीये. म्हणजे विनोद म्हणूनच सांगतोय, पण खरं आहे. मॅडम, चहा घेणार? बहुतेक. मॅडम, आज मंगळवार ना? बहुतेक. एकदा वर्गात एकाने मुद्दाम, गालात हसत विचारलं, "मॅडम, पृथ्वी गोल आहे ना?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जवळजवळ." त्या दिवशी बहुतेक सुट्टीवर होतं. भूशास्त्र विभागातली सगळी पोरं त्यांना पाठीमागे "बहुतेक मॅडम" म्हणायची. तोंडावर अर्थातच नुसतं मॅडम. पण त्यांना माहीत होतं. बहुतेक.

मी करमाळ्याचा. शाळेत हेडमास्तरांची, एसटीच्या कंडक्टरची, पाण्याच्या टँकरवाल्याची नक्कल करून मोठा झालो. पुण्यात एमएस्सीला आलो तेव्हा पहिले काही महिने तोंडच उघडलं नाही. इथे लोक "या" असं म्हणतात की आपल्याला "जा" ऐकू येतं. मग हळूहळू कान तयार झाला आणि मी पुण्याची पण नक्कल करायला लागलो. एका दुपारी विभागाच्या पायऱ्यांवर मी मॅडम झालो होतो. हातात हातोडा, समोर टाळ्या पिटणारी पोरं. मी म्हटलं, "हा दगड आहे, बहुतेक," आणि मग चष्मा कपाळावर ढकलायची ॲक्शन केली. पोरं एकदम गप्प झाली. मागून आवाज आला, "चुकलं."

मागे मॅडम. मला वाटलं, संपलं आपलं शिक्षण. चाललो परत करमाळ्याला.

"चष्मा आधी कपाळावर जातो," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक नंतर येतं. तुझी ऑर्डर उलटी झाली. परत कर."

मी परत केलं. त्यांनी लक्ष देऊन बघितलं, मान हलवली आणि आत गेल्या. तेव्हापासून मी त्यांचा "रेडिओ". "ए रेडिओ, लेबलं घेऊन ये." "रेडिओ, आवाज कमी." पुढे एमएस्सी झाल्यावर त्यांच्याच प्रोजेक्टवर कामाला लागलो, तरी नाव तेच राहिलं.

त्यांचं बहुतेक आणि त्यांची काळजी ही सख्खी भावंडं होती. मॅडम कर्वेनगरच्या एका सोसायटीत एकट्या राहायच्या. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायच्या. जिना उतरायच्या. परत वर जाऊन कुलूप ओढून बघायच्या. मग गाडीत बसल्यावर मला विचारायच्या, "मी ओढलं ना?" मी म्हणायचो, "दोनदा ओढलंत." "तू बघितलंस?" "बघितलं." मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मला आधी वाटायचं, वय झालं की होतं असं. नंतर कळलं, वयाचा काही संबंध नाही. त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता आणि हा त्यांचा स्वभाव नव्हता, ही त्यांची कामाची पद्धत होती. दुसऱ्या कुणीतरी बघितल्याशिवाय एखादी गोष्ट झाली, असं त्या मानायच्याच नाहीत.

फील्डवर तर त्यांचा नियमच होता. आता इथे थोडं शास्त्र सांगतो. घाबरू नका, मी पण घाबरायचो. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे कोणे एके काळी वाहत आलेला लाव्हा. थरावर थर, चपात्यांच्या चळतीसारखा. लाव्हा थंड होताना त्यातले लोखंडाचे बारीक कण होकायंत्राच्या काट्यासारखे उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि कायमचे तसेच राहतात. गंमत अशी की पृथ्वीच्या पोटातलं चुंबक मधूनच कूस बदलतं. उत्तर दक्षिण होते, दक्षिण उत्तर होते. त्या वेळी जो लाव्हा थंड झाला, त्याच्या पोटातले काटे उलटे. म्हणजे कुठल्या थराच्या वेळी चुंबक कुठल्या कुशीवर होतं, ते दगड सांगतो. पण दगड काढताना तो कड्यात कसा बसला होता, त्याची वरची बाजू कुठली, हे त्याच्यावर बाण काढून ठेवावं लागतं. बाण उलटा, तर उत्तर उलटं.

म्हणून मॅडमचा नियम. बाण काढणाऱ्याने दगड कड्यातून सुटायच्या आधी ओरडायचं, "वर कुठे?" आणि दुसऱ्याने आभाळाकडे बोट करून ओरडायचं, "वर इकडे!" मगच हातोडा. रस्त्याच्या कडेला डबल एमएस्सी झालेली माणसं एकमेकांना वर कुठे असतं ते विचारतायत, हे बघून येणारे-जाणारे गाड्या स्लो करायचे. एक टेम्पोवाला तर थांबून म्हणाला, "मॅडम, वर आभाळ हाय, खाली जमीन हाय. अजून काय विचारायचं असलं तर विचारा." मॅडम त्याला म्हणाल्या, "धन्यवाद. तुमची साक्ष धरते."

आणि मग एक दिवस त्यांना "ते" मिळालं.

"ते" म्हणजे पुरस्कार. पृथ्वीविज्ञानातला देशातला सगळ्यात मोठा. दिल्लीत कार्यक्रम, मोठी माणसं, गळ्यात पदक. मॅडमनी त्याचं नाव कधीच घेतलं नाही. घरात कुणाला मोठा आजार झाला की आपण त्याचं नाव घेत नाही, तसं. "ते जाहीर झालंय म्हणतात," एवढंच म्हणाल्या. मिळण्याचं कारण म्हणजे त्यांचं तरुणपणीचं काम. साताऱ्याकडे जाताना एका जुन्या घाटात त्यांनी लाव्हाचा एक पातळसा थर शोधला होता. वरचे थर सरळ, खालचे सरळ, हाच एकटा उलटा. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाने मधेच थोडा वेळ कूस बदलली आणि परत सरळ झालं. त्या एका थरावर जगभर लोकांनी निबंध लिहिले. पुरस्काराच्या प्रशस्तिपत्रात पहिलीच ओळ त्या थराची.

आमच्या विभागप्रमुख सरांना तर स्वतःलाच मिळाल्यासारखं झालं. त्यांनी विमानाची तिकिटं काढली. स्वतःचं, मॅडमचं आणि माझं. मी आयुष्यात विमानात बसलो नव्हतो. आईला फोन केला तर ती म्हणाली, "खिडकीची सीट माग. आन् डोकं बाहेर काढू नको." मॅडमच्या सोसायटीच्या चेअरमननी चौकात फ्लेक्स लावला. "कर्वेनगरची शान", खाली मॅडमचा फोटो, त्याच्या शेजारी हात जोडलेले भावी नगरसेवक. मॅडमनी रिक्षातून उतरून तो नीट बघितला. म्हणाल्या, "माझ्यापेक्षा त्यांचा फोटो मोठा आहे. बरोबर आहे. त्यांना निवडणूक लढवायची आहे, मला फक्त पृथ्वी."

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं.

विभागात मॅडमच्या कौतुकाचा चहा होता. बाकरवडी, बर्फी, सगळा स्टाफ, सगळी पोरं. सरांना माझी हौस माहीत. म्हणाले, "ए रेडिओ, मॅडमचा तो कड्याचा किस्सा करून दाखव."

हा किस्सा मॅडम दरवर्षी वर्गात सांगायच्या. तो पातळ थर कड्याच्या वरच्या काठाखाली होता. खालून हात पोचत नव्हता. तेव्हा मॅडम काठावर पोटावर झोपल्या, दोन मैत्रिणींनी त्यांचे पाय धरले आणि त्यांनी डोकं खाली लोंबकळत ठेवून, उलट्या होऊन दगडांवर बाण काढले. त्या थराचे सगळे नमुने तसेच. एका दिवसात, एका काठावरून, एका पोटावर. पोरं दरवर्षी हसायची.

मी टेबलावर पोटावर झोपलो. दोघांनी माझे पाय धरले. डोकं टेबलाखाली सोडलं, समोर एक खोका ठेवला होता, त्याच्यावर मी मॅडमच्या आवाजात "पाय सोडू नका गं, माझं लग्न व्हायचंय" असं म्हणत खडूने बाण काढला. सगळे फुटले. सरांच्या डोळ्यांत पाणी. मी पण उलटा लटकून हसत होतो आणि उलट्या जगात मला मॅडमचा चेहरा दिसला. त्यांच्या हातातला कप तोंडाजवळ थांबला होता.

"खाली उतर," त्या म्हणाल्या.

मी उतरलो.

"बाण बघ."

सगळ्यांनी खोक्याकडे बघितलं. बाण जमिनीकडे होता.

"गडबडीत झालं मॅडम," मी म्हटलं. "हसवायच्या नादात."

"परत कर. हसवू नकोस."

परत झोपलो. या वेळी कुणी हसलं नाही. डोकं उलटं, रक्त सगळं कपाळात आलेलं, मी अगदी विचार करून बाण काढला. उठून बघितलं. परत जमिनीकडे. माणूस उलटा लटकला की डोक्याच्या बाजूला वर, असं हात आपोआप धरून चालतो. वर ही गोष्ट आपण आभाळाकडून शिकत नाही, डोक्याकडून शिकतो.

मॅडमनी कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही, इतका हळू.

"मी पण अशीच लटकले होते," त्या म्हणाल्या.

सर हसले. "अहो मॅडम, काहीतरीच काय. तुम्ही आणि हे माकड, फरक आहे."

"फरक आहे. याचे पाय दोन पोरांनी धरले होते, माझे दोन मैत्रिणींनी."

"तुम्हाला आठवत असेल ना, बाण कसा काढला होता?"

"नाही आठवत," मॅडम म्हणाल्या. "आठवलं असतं तर बर्फी खाल्ली असती."

त्यानंतर मी मॅडमना नीट जेवताना पाहिलं नाही. बिनसाखरेच्या चहात चमचा फिरवत बसायच्या. त्या वेळचे दगड केव्हाच कापून, मोजून संपले होते. पाय धरणाऱ्या दोघींपैकी एक परदेशी, एक या जगात नाही. परदेशातलीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, मी तुझे पाय बघत होते, बाण कुठून बघू?" मॅडमनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "म्हणजे कुणी बघितलं नाही." कुलूप ओढून बघणाऱ्या बाईचं सगळ्यात मोठं कुलूप कुणी बघितलंच नव्हतं.

मी धीर द्यायचा म्हणून काहीही बोलायचो. "मॅडम, एवढ्या लोकांनी निबंध लिहिले, ते काय येडे आहेत का?"

"त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

खरं होतं. पुढे घाट रुंद झाला, जुना कडा गेला, नव्या कड्यावर सिमेंट मारलं, परत तपासायला कुणी गेलं नाही आणि लोकांनी मॅडमवर विश्वास ठेवला. सगळेच ठेवायचे. मॅडम सोडून.

"मग बाण बरोबर असेल, मॅडम. तुम्ही चुकत नाही."

"म्हणूनच भीती वाटते," त्या म्हणाल्या. "तो वर कुठेचा नियम मी त्यानंतरच सुरू केला, रेडिओ. मला वाटायचं, शिस्त म्हणून केला. आता वाटतं, आत कुठेतरी माहीत होतं. बहुतेक."

सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर होतो, दार उघडं. सर म्हणाले, "मॅडम, तपासायचं असेल तर जरूर तपासा. पण दिल्लीहून आल्यावर."

"म्हणजे आधी हार, मग तपासणी. लग्न लागल्यावर पत्रिका बघायची."

"इतक्या वर्षांनी कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," मॅडम म्हणाल्या.

मग आम्ही घाटात गेलो. स्वारगेटवरून लाल एसटी पकडली, कारण विभागाची जीप मागितली असती तर सरांनी कारण विचारलं असतं. घाटाच्या वळणावर बेल मारायला सांगितली तर कंडक्टर म्हणाला, "इथं कुठं उतरताय? इथं स्टॉप नाही, हॉटेल नाही, देऊळ नाही."

"दगड आहे," मॅडम म्हणाल्या आणि उतरल्या.

कड्यावर सगळीकडे करडं सिमेंट. मॅडम त्याच्यावरून हात फिरवत चालल्या होत्या. गुडघे दुखत होते, दर थोड्या अंतरावर थांबत होत्या. ट्रक अंगावरून जात होते. तो थर सिमेंटच्या आत कुठे असेल, ते त्यांना कळत होतं, पण दिसत कुठेच नव्हता. शेवटी, रस्ता चढत त्या थराच्याही वर आला तिथे, एका मोरीपाशी, रस्त्याखालून पाणी जायला जिथे भोक ठेवलंय तिथे, खालच्या ओढ्यात त्याचा एक तुकडा उघडा सापडला. मोरीच्या भिंतीतून बाहेर आलेला, काळा, भेगाळलेला. मॅडमनी वरून दुर्बिणीतून खूप वेळ बघितलं.

"तोच आहे?" मी विचारलं.

चष्मा कपाळावर गेला. मी मनात म्हटलं, देवा, बहुतेक म्हणू दे, म्हणजे त्या नेहमीसारख्या आहेत. त्यांनी नुसतं खाली बोट दाखवलं.

त्यांना उतरता येण्यासारखं नव्हतं. मी उतरलो. सरळ उभा राहून, दोन पाय चिखलात घट्ट रोवून, पहिल्या दगडावर बाण काढला आणि ओरडलो, "वर कुठे?"

कठड्यावरून मॅडम वाकल्या. एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताचं बोट आभाळाकडे. "वर इकडे!" प्रत्येक दगडाला मी विचारलं, प्रत्येक दगडाला त्यांनी सांगितलं. शेवटी घसा बसला, तर नुसतंच बोट वर. एका ट्रकमधल्या क्लीनरने पण खिडकीतून मान काढून वर बघितलं. काय आहे वर, म्हणून.

परत येताना एसटीत कंडक्टरने माझ्या बॅगेला पाय लागल्यावर विचारलं, "काय आहे यात?"

"दगड."

"पुण्यात कमी पडले का?"

मी हसलो. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "रेडिओ, वीज पडली तरी दगडातला काटा फिरतो, माहितीये ना? त्या काठावर कधी वीज पडली असेल तर..." मग स्वतःच म्हणाल्या, "नको. सबबी शोधायला लागले मी."

तपासणीला वेळ लागतो. दगडाचे बारीक तुकडे करायचे, थोडं थोडं तापवायचं, प्रत्येक वेळी यंत्रात घालून दिशा मोजायची. वरवरची खोटी दिशा जळून जाते आणि आतली खरी राहते. मॅडम प्रयोगशाळेत आत यायच्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसायच्या, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात तशा, पर्स मांडीवर धरून. मी बाहेर आलो की चेहरा वाचायच्या. मी नकलाकार, मला हजार चेहरे करता येतात, पण तेव्हा एक पण धड जमत नव्हता. पाणी प्यायला पण बाहेर जायची भीती वाटायची.

घरी गेलं की चेअरमन दारात. "मॅडम, दिल्लीहून आल्यावर सत्कार. ढोल-ताशा सांगू की नुसती सनई?" मॅडम म्हणायच्या, "थोडं थांबू या." त्यांना वाटायचं, विनय. आईचा फोन यायचा, "टीव्हीवर दिसणार का रं तू? कुठल्या चॅनेलला?" मी म्हणायचो, "आई, बहुतेक." शब्द तोंडातून गेल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

आणि खरं सांगू? मला दिल्लीला जायचं होतं. मंडईजवळच्या दुकानातून ब्लेझर आणला होता. यंत्राच्या पडद्यावर पहिला तुकडा सरळ आला, तेव्हा मी मनात म्हटलं, दुसरा उलटा येईल. दुसरा सरळ. तिसरा सरळ. मग कितवा, ते मोजणंच मी थांबवलं. खालच्या थरासारखाच, वरच्या थरासारखाच. बाकीच्या भावंडांसारखाच गरीब, सरळ दगड. तो कधी उलटा नव्हताच.

मी बाहेर आलो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आतच त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चल. फोन करायचाय."

फोन त्यांनी घरून केला. डायनिंग टेबलापाशी, स्पीकर लावून. मी समोर बसलो होतो, कारण त्यांना साक्षीदार लागायचा. दिल्लीच्या ऑफिसातला माणूस फार चांगला होता, म्हणून तर जास्त अवघड होतं. मॅडमनी आधी नाव सांगितलं. नुसतं नाव. मग सांगितलं, की ज्या कामासाठी पुरस्कार दिलाय, ते काम चुकीचं आहे.

मग तो म्हणाला, मॅडम, पुरस्कार फक्त एका कामाला नाही, आपण आयुष्यभर एवढं केलंय, आपण या तर खरं, या गोष्टी नंतर बघता येतील. मी टेबलाखाली हात जोडून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मी त्या माणसाच्या बाजूने होतो.

"प्रशस्तिपत्रात पहिली ओळ तीच आहे," मॅडम म्हणाल्या.

मग त्याने विचारलं, "मॅडम, आर यू शुअर?"

मी वाट बघत होतो. इतक्या वर्षांची सवय. चष्मा कपाळावर जाणार, नजर छताकडे, मग ते येणार. ते आलं असतं ना, तर त्या माणसाने लगेच धरलं असतं. म्हणाला असता, बघा, तुम्हालाच खात्री नाही. आणि आम्ही सगळे विमानात बसलो असतो.

चष्मा डोळ्यांवरच राहिला.

"येस," मॅडम म्हणाल्या. "शुअर. माझा बाण उलटा होता."

फोन ठेवून त्या उठल्या, फ्रिजमधून भात काढला, दही काढलं आणि उभ्या उभ्या जेवल्या. पोटभर.

दुसऱ्या दिवशी चेअरमनकडे गेल्या. म्हणाल्या, "तो फ्लेक्स काढा."

"अहो मॅडम, राहू द्या हो! लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच काढा."

फ्लेक्स निघाला. म्हणजे मॅडमचा अर्धा कापून काढला. भावी नगरसेवक हात जोडून बरेच दिवस एकटेच उभे होते. सरांनी तिकिटं रद्द केली आणि महिनाभर मॅडमशी फक्त कामापुरतं बोलले. विभागात कुजबुज झाली. कुणी म्हणालं, केवढी मोठी बाई. कुणी म्हणालं, वय झालं की अशी खुळं सुचतात. मॅडमनी दोन्ही ऐकलं आणि दोन्हींना "बहुतेक" म्हणाल्या.

मग त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. ज्या नियतकालिकात तो उलटा थर छापून आला होता, तिथेच पाठवला. अमुक घाटातला अमुक थर उलटा नाही, नमुन्यांवरचे बाण चुकले होते, एवढंच. लेखकांमध्ये दुसरं नाव माझं टाकलं. आयुष्यातला माझा पहिला शोधनिबंध, आणि त्यात काय, तर मॅडम चुकल्या. सर म्हणाले, "करिअर सुरू करायची ही काही पद्धत नाही." मी मॅडमना म्हटलं, "माझं नाव कशाला? मी तर नुसता लटकलो होतो."

"आणि मी?" मॅडम म्हणाल्या.

मागच्या थंडीत मॅडम गेल्या. झोपेतच. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं गेलं नाही. मी पोचलो तेव्हा शेजारच्या काकू मला सांगत होत्या, "काल रात्री आतून कुलूप लावल्याचा आवाज आला होता बघा. दोनदा." मी म्हटलं, हो, दोनदाच येतो.

शोकसभेत सर दोन वाक्यं बोलले आणि अडकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रेडिओ, कर ना. त्यांना आवडायचं." मी केलं. चष्मा, छत, बहुतेक. लोक रडत रडत हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "फोनवालं कर." मी तोंड उघडलं. "येस. शुअर." माझाच आवाज आला, करमाळ्याचा. परत केलं, परत माझाच. मॅडमचं बाकी सगळं मला येतं, खोकला पण येतो. ते दोन शब्द येत नाहीत.

परवा ज्युनिअर पोरांना घेऊन फील्डवर गेलो होतो. मी पुढे बघून परत आलो तर जीपच्या मागे घोळका, हसण्याचा आवाज. लोणंदची एक पोरगी आहे, पहिल्या वर्षाची, फार आगाऊ. ती हातात हातोडा घेऊन माझी नक्कल करत होती. "हा दगड आहे, बहुतेक," म्हणाली आणि मग गॉगल कपाळावर ढकलला. तिने मॅडमना कधी पाहिलं पण नाही. पोरं मला बघून एकदम गप्प झाली.

"चुकलं," मी म्हटलं. "चष्मा आधी. बहुतेक नंतर. परत कर."

तिने परत केलं. बरोबर आलं. मग मी तिने कड्यावर काढलेला बाण बघितला. तो पण बरोबर होता. सगळ्यांना दिसत होतं. तरी मी ओरडलो, "वर कुठे?"

सगळ्या पोरांनी बोटं वर केली. रस्त्याने भाजीचा टेम्पो चालला होता. ड्रायव्हरने स्पीड कमी केला, मान बाहेर काढली आणि वर बघत बघत गेला.